सोप मेसेजवरची सही फक्त कऱ्हाडच्या काही ग्राहकांसाठी नापास होतेय

मुळामुठा | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. नऊ दिवस एकाच गोष्टीमागे आहे, आता इथे विचारते.

पुण्यात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रुग्णालयांकडून आलेले विम्याचे दावे आमची प्रणाली गोळा करते आणि विमा कंपनीच्या सर्व्हरकडे सोप मेसेज (ठराविक साच्यातला एक्सएमएल) म्हणून पाठवते. आमच्याकडे जावा, त्यात मेसेज पाठवणारं अपाची सीएक्सएफ आणि त्याखाली सही करणारं, तपासणारं डब्ल्यूएसएसफोरजे. पलीकडे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची जुनी डब्ल्यूसीएफ सेवा. प्रत्येक मेसेजवर आमच्या एक्स ५०९ सर्टिफिकेटच्या (डिजिटल ओळखपत्राच्या) किल्लीने सही होते.

इथे कोनी कंसातलं सगळं गायब होतं, म्हणून नावं देवनागरीत लिहिते. सेटिंग असं आहे:

ॲक्शन = टाइमस्टॅम्प, सिग्नेचर
की आयडेंटिफायर = डायरेक्ट रेफरन्स
सही कशावर = बॉडी आणि टाइमस्टॅम्प
सहीचा अल्गोरिदम = आरएसए-एसएचए२५६
डायजेस्ट (मजकुरावरून काढलेला ठसा) = एसएचए२५६

बाहेर पडणाऱ्या मेसेजचा हेडर असा दिसतो:

सिक्युरिटी
— बायनरीसिक्युरिटीटोकन (आमचं सर्टिफिकेट)
— टाइमस्टॅम्प
— सिग्नेचर
—— साइन्डइन्फो (दोन रेफरन्स: बॉडीचा एक, टाइमस्टॅम्पचा एक)
—— सिग्नेचरव्हॅल्यू
—— कीइन्फो (वरच्या टोकनकडे बोट)

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. दोन आठवड्यांपासून रोज तीनेक मेसेज नापास होऊन परत येतात. आजपर्यंत ४१ झाले, त्यांतले ३८ कऱ्हाडच्या एकाच रुग्णालयाचे. पण त्याच रुग्णालयाचे बाकी मेसेज पास होतात. उत्तरात एवढंच येतं: ‘ॲन एरर अकर्ड व्हेन व्हेरिफाइंग सिक्युरिटी फॉर द मेसेज’.

आमचे साहेब म्हणतात, विमा कंपनीला सांगून त्या रुग्णालयापुरती पडताळणी बंद करून घेऊ. माझं मन मानत नाही. ज्यांचे दावे अडकलेत त्यांतले काही जण अजून ॲडमिट आहेत.

अनामिका_ठाणे | मंगळवार, सकाळी ७:१०

डब्ल्यूसीएफचं हे वाक्य दिसलं की मी आधी घड्याळ बघते. डब्ल्यूएसएसफोरजे टाइमस्टॅम्पला मुळात ३०० सेकंदांचं आयुष्य देतं आणि डब्ल्यूसीएफ दोन घड्याळांत ५ मिनिटांचा फरक चालवून घेतं. तुमचा सर्व्हर त्याहून मागेपुढे असेल तर सही उत्तम असूनही हेच उत्तर येतं.

उत्तर मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं, त्याबद्दल पलीकडच्यांवर रागवू नका. ‘सही चुकली’, ‘उलगडताना पॅडिंग चुकलं’ अशी वेगवेगळी उत्तरं बाहेर दिली तर हल्लेखोर त्यावरूनच मजकूर काढू शकतो. २०११ मध्ये यागर आणि सोमोरोव्स्की यांनी एक्सएमएल एन्क्रिप्शन याच मार्गाने फोडून दाखवलं. खरं कारण त्यांच्या सर्व्हरच्या ट्रेसमध्ये (आतल्या सविस्तर नोंदीत) असतं. ते मागवा.

मुळामुठा | मंगळवार, सकाळी ९:३५

घड्याळ पाहिलं, फरक एका सेकंदाच्या आत आहे. शिवाय त्याच मिनिटात गेलेले दुसरे मेसेज पास झालेत. ट्रेस मागवला आहे. तिकडचे इंजिनिअर चांगले आहेत, संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले.

नवी_पालवी | मंगळवार, सकाळी १०:०२

मी या क्षेत्रात नवीन आहे. एचटीटीपीएस असताना मेसेजवर वेगळी सही कशाला लागते? आणि टोकन म्हणजे सहीच का?

सह्यकडा | मंगळवार, दुपारी १:२०

@नवी_पालवी, चांगला प्रश्न आहे. बरीच वर्षं काम केलेलेही इथे अडखळतात.

एचटीटीपीएस दोन टोकांमधला रस्ता सुरक्षित करतं. रस्ता गेटवेवर (कंपनीच्या वेशीवरच्या सर्व्हरवर) संपला की तिथे मेसेज उघडा होतो. पुढे तो रांगेत पडतो, दुसऱ्या सर्व्हरवर जातो, कुठे तरी साठवला जातो. सही मेसेजसोबतच राहते. सहा महिन्यांनी वाद झाला तरी ‘हा दावा याच सर्टिफिकेटच्या किल्लीने सही झाला आणि तेव्हापासून एक अक्षर बदललेलं नाही’ हे दाखवता येतं.

टोकन म्हणजे ओळखपत्र. युजरनेमटोकनमध्ये नाव आणि पासवर्ड, किंवा पासवर्डऐवजी त्याचा डायजेस्ट असतो. हा डायजेस्ट नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), वेळ आणि पासवर्ड जोडून त्यावर एसएचए-१ लावून काढतात. बायनरीसिक्युरिटीटोकनमध्ये बहुधा एक्स ५०९ सर्टिफिकेट असतं. सॅमल टोकन (एका लॉगिनवर अनेक ठिकाणी प्रवेश देणारं), केर्बेरॉस टोकन हेही टोकनचेच प्रकार. सही टोकनमागच्या किल्लीने होते. नुसतं ओळखपत्र मेसेजला टाचलं म्हणून सही झाली असं होत नाही.

२००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि व्हेरिसाइन यांनी या सगळ्याचे नियम सांगणाऱ्या डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा आराखडा मांडला आणि २००४ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तो मानक म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसई २.० वर मी कामाला सुरुवात केली. सही करायला तिथे दोन ओळी पुरत, त्या अजून पाठ आहेत:

कॉन्टेक्स्ट.सिक्युरिटी.टोकन्स.ॲड(टोकन)
कॉन्टेक्स्ट.सिक्युरिटी.एलिमेंट्स.ॲड(न्यू मेसेजसिग्नेचर(टोकन))

पहिली ओळ टोकन मेसेजमध्ये घालते, दुसरी त्या टोकनच्या किल्लीने सही करवते. दुसरी ओळ विसरली की ओळखपत्र दिसतं पण सही नसते, आणि घेणाऱ्याने ‘टोकन आहे ना?’ एवढंच तपासलं तर कुणाचंही सर्टिफिकेट टाचलेला मेसेज आत जातो. सर्टिफिकेट सार्वजनिकच असतं, ते कुणीही टाचेल. घेणाऱ्या बाजूला टोकन आणि सही दोन्ही तपासायचं, आणि सही त्याच टोकनची आहे हेही, हे मी तेव्हाच शिकलो.

युजरनेमटोकननेही सही करता यायची, किल्ली पासवर्डमधून काढून. माझं स्पष्ट मत, ते करू नये. मेसेज ज्याच्या हाती पडेल तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघू शकतो आणि माणसांचे पासवर्ड त्यापुढे टिकत नाहीत.

बोस्टनकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

@मुळामुठा, ट्रेस आला की एक गोष्ट आधी पाहा. एक्सएमएल सहीची पडताळणी दोन पायऱ्यांत होते आणि कुठली पायरी मोडली यावरून अर्धं कारण कळतं.

एक पायरी साइन्डइन्फोची. बॉडीवर आणि टाइमस्टॅम्पवर थेट सही होत नाही. दोन्हींचे डायजेस्ट काढून साइन्डइन्फोत लिहितात आणि किल्लीने सही होते ती साइन्डइन्फोवर. सिग्नेचरव्हॅल्यू जुळली नाही तर किल्ली चुकली, अल्गोरिदम चुकला, किंवा साइन्डइन्फोच्या नेमस्पेसमध्ये (टॅगांच्या नावांना जोडलेल्या ओळखीत) गडबड झाली.

दुसरी पायरी रेफरन्सची. समोरचा सर्व्हर आलेल्या बॉडीचा डायजेस्ट स्वतः काढतो आणि साइन्डइन्फोतल्या आकड्याशी ताडतो. सिग्नेचरव्हॅल्यू जुळली आणि एका रेफरन्सचा डायजेस्ट जुळला नाही, तर किल्ली आणि सर्टिफिकेट विसरून जा. तुम्ही सही केल्यानंतर कुणी तरी मजकुराला हात लावला आहे.

डायजेस्टच्या आधी कॅनॉनिकलायझेशन होतं, म्हणजे एक्सएमएल एकाच ठरलेल्या रूपात आणतात. ॲट्रिब्यूटचा क्रम, अवतरणचिन्हाचा प्रकार, रिकाम्या टॅगची दोन रूपं, असे फरक त्यात पुसले जातात, म्हणून पार्सरमधून गेलेला मेसेजही जुळतो. मधला कुणी सोपचं एन्व्हलप (मेसेजचं बाहेरचं पाकीट) बदलू शकतो, त्यामुळे बाहेरच्या नेमस्पेसचा परिणाम होऊ नये म्हणून एक्सक्लुझिव्ह प्रकार वापरतात. डब्ल्यूएसएसफोरजे तोच वापरतं. टॅगांमधला मजकूर मात्र अक्षरश: तसाच राहतो. एक स्पेस वाढली, एक ओळ मोडली की डायजेस्ट पूर्ण वेगळा.

खिडकीतली_झाडं | मंगळवार, रात्री ८:१५

वरच्यात माझा अनुभव जोडतो. मी हाताने पडताळणीचा कोड लिहिला होता आणि तीन दिवस घालवले. जावाच्या एक्सएमएल वाचणाऱ्या डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीला नेमस्पेस कळायला हवं असं मुद्दाम सांगावं लागतं, मुळात ते बंद असतं. ते सुरू केलं, तर पुढे ‘या आयडीचा एलिमेंट सापडत नाही’. जावा ७ च्या २५ व्या अपडेटपासून कुठलं ॲट्रिब्यूट आयडी आहे हेही आपणच नोंदवावं लागतं. आणि सही झालेला एक्सएमएल कधीही सुबक इंडेंट करून पाठवू नका. आमच्याकडे लॉगसाठी लिहिलेल्या कोडने मूळ डॉक्युमेंटच इंडेंट केलं होतं.

मुळामुठा | मंगळवार, रात्री १०:४०

ट्रेस आला. @बोस्टनकर, तुम्ही म्हणालात तेच आहे. सिग्नेचरव्हॅल्यू जुळतेय, टाइमस्टॅम्पचा डायजेस्ट जुळतोय, बॉडीचा जुळत नाही. म्हणजे मजकूर बदलतोय.

@खिडकीतली_झाडं, इंडेंट, ओळमोड, लॉगचा कोड, सगळं पाहिलं. काही नाही. विचित्र गोष्ट पुढे आहे. एकाच रुग्णालयाचे दोन रुग्ण, दोघांचा पत्ता ‘शनिवार पेठ, कऱ्हाड’. नाव, वय, रक्कम सोडली तर दोन्ही मेसेज सारखे. एक पास, एक नापास. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचले, फरक नाही.

पत्ते मराठीत असतात कारण मंजुरीचं पत्र ग्राहकाला मराठीत जातं.

टंकलेखा | मंगळवार, रात्री ११:२६

मी नेटवर्कवाली नाही, फाँट आणि टंकलेखनात काम करते. शीर्षकात कऱ्हाड दिसलं म्हणून धागा उघडला.

मुळामुठाताई, दोन प्रश्न. ४१ पैकी उरलेले तीन मेसेज कुणाचे आहेत? नावं नकोत, पण आडनावात किंवा पत्त्यात ऱ्ह किंवा ऱ्य आहे का? आणि दोन्ही नोंदींतल्या ‘कऱ्हाड’चे युनिकोड आकडे काढून टाकाल का? डोळ्यांनी दिसणार नाही.

मुळामुठा | बुधवार, रात्री १२:३१

तीनपैकी एक आडनाव कुऱ्हाडे. एक वऱ्हाडे. तिसऱ्याच्या पत्त्यात ‘शेतकरी भवनामागे’ आहे, त्यात काही नाही असं वाटलं, मग वाचत गेले तर पुढे ‘पायऱ्यांजवळ’. अंगावर काटा आला.

आकडे:

पास होणारा: ०९१५, ०९३१, ०९४डी, ०९३९, ०९३ई, ०९२१
नापास होणारा: ०९१५, ०९३०, ०९४डी, २००डी, ०९३९, ०९३ई, ०९२१

टंकलेखा | बुधवार, रात्री १२:५८

सापडलं असं वाटतंय.

मराठीतला अर्धा ऱ, चंद्रकोरीसारखा दिसणारा, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१, नुक्ता असलेला ऱ, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी. हा २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, रुंदी नसलेलं जोडचिन्ह. पडद्यावर त्याला जागा नाही. पण तो नसेल तर र आणि हलन्त पुढच्या अक्षरावर रफार होऊन चढतात आणि कऱ्हाडचं कर्हाड होतं.

इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, त्यावर टाइप करणाऱ्याची नोंद पहिल्या तऱ्हेची होते. उच्चारावरून टाइप करायची काही साधनं दुसऱ्या तऱ्हेने लिहितात. तुमच्या रुग्णालयात नोंदी करणारी दोन माणसं किंवा दोन मशीन असतील, म्हणून एकाच गावाचे दोन मेसेज वेगळे वागतात.

आता पलीकडच्यांना त्यांच्याकडे पोचलेल्या नापास मेसेजचा स्क्रीनशॉट मागा आणि गावाचं नाव कसं दिसतं ते वाचा. कर्हाड दिसलं तर तुमच्या सहीनंतर वाटेत कुणी तरी २००डी काढून टाकतोय.

मुळामुठा | बुधवार, दुपारी १२:१०

कर्हाड दिसतंय. कुर्हाडे, वर्हाडे, पायर्यांजवळ.

दोन्ही बाजूंची कॅनॉनिकल बॉडी बाइटमध्ये मोजली. आमच्याकडून निघताना आणि तिकडे पोचल्यावर, त्या एका मेसेजमध्ये बरोबर ६ बाइटचा फरक. यूटीएफ-८ मध्ये २००डी तीन बाइट घेतो, आणि कऱ्हाड दोनदा आहे, एकदा रुग्णाच्या पत्त्यात, एकदा रुग्णालयाच्या.

चोर आमच्याच घरात निघाला. सीएक्सएफ सही करतं, मेसेज आमच्या गेटवेवर जातो आणि तिथून बाहेर. दोन आठवड्यांपूर्वी गेटवेवर एक फिल्टर बसवला गेला, ‘अदृश्य कचरा अक्षरं काढणारा’. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात झिरो विड्थ स्पेस येऊन दुसऱ्या एका प्रणालीत शोध चालत नव्हता, त्यासाठी. यादीत चार अक्षरं होती: २००बी, २००सी, २००डी आणि एफईएफएफ. ज्याने लिहिलं त्याने मन लावूनच लिहिलं होतं. २००डी मराठीत अक्षराचा भाग आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अनामिका_ठाणे | बुधवार, दुपारी १२:४५

तुमच्या साहेबांना एक गोष्ट नक्की सांगा. पडताळणी बंद केली असती तर मेसेज पास झाले असते आणि माणसांची नावं चुकीची नोंदली गेली असती. विम्याच्या कागदावर कुऱ्हाडेचं कुर्हाडे होणं ही लहान गोष्ट नाही, पुढे बँकेत नाव जुळलं नाही की हेलपाटे त्या घराला घालावे लागतात. दोन आठवडे ही सही एकटी ओरडून सांगत होती की मजकूर बदललाय.

सह्यकडा | बुधवार, दुपारी २:३०

माझ्या मते दुरुस्ती दोन जागी हवी. यादीतून २००डी काढा, ते तर झालंच. २००सी सुद्धा काढा, देवनागरीत हलन्त उघडा दाखवायला त्याची गरज पडते. पण त्याहून मोठी चूक क्रमाची आहे. सही ही बाहेर पडण्याआधीची शेवटची क्रिया असायला हवी. साफसफाई, रूपांतर, नवीन फील्ड घालणं, जे काही मजकुराला हात लावतं ते सगळं सहीच्या आधी. सहीनंतर गेटवेने फक्त वाहून न्यायचं. उद्या कुणी तिथे वेगळा फिल्टर बसवला की पुन्हा हीच रात्र.

खिडकीतली_झाडं | बुधवार, दुपारी ३:०५

सहीआधी सगळा मजकूर एनएफसीमध्ये (युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात) नॉर्मलाइज केला तर दोन्ही ऱ एकच होतील ना? मग प्रश्नच मिटला.

टंकलेखा | बुधवार, दुपारी ३:४०

नाही होणार. एनएफसीत ०९३० आणि नुक्ता ०९३सी एकत्र येऊन ०९३१ होतो, तेवढंच. र, हलन्त आणि जॉइनर ही जोडी युनिकोडच्या दृष्टीने वेगळीच आहे, एनएफसी तिला हात लावत नाही. कॅनॉनिकल एक्सएमएलही युनिकोडचं नॉर्मलायझेशन करत नाही, त्याच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे.

सगळं एकाच तऱ्हेने साठवायचं असेल तर तो बदल नोंद करताना करा, मराठी जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. माझं मत विचाराल तर ०९३१ बरा, कारण अदृश्य अक्षरं काढणारे फिल्टर जगात पुष्कळ आहेत. पण पाठवण्याच्या वाटेवर कुणाच्या नावात दुरुस्ती करू नये.

उत्तर_कोकण | बुधवार, संध्याकाळी ५:१५

हे सगळं सोपमुळे नाही का? आता एक्सएमएलऐवजी जेसन आणि त्यावर सही केलेलं जेडब्ल्यूटी टोकन असताना हा खटाटोप कशाला?

बोस्टनकर | बुधवार, संध्याकाळी ७:२०

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. जेडब्ल्यूटीत मजकूर आधी बेस६४च्या एका प्रकारात गुंडाळतात आणि त्या गुंडाळलेल्या अक्षरांवरच सही करतात. कॅनॉनिकलायझेशन नाही. गेटवेच्या फिल्टरला आतला २००डी दिसलाच नसता. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवर पोर्टल जे सही केलेलं इनव्हॉइस आणि क्यूआर परत देतं ते याच पद्धतीचं.

पण एक्सएमएल सही आपल्या रोजच्या वापरातून गेलेली नाही. यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात फिरणारे मेसेज सही केलेले एक्सएमएल असतात. आधारची ऑफलाइन ई-केवायसीची फाइल चार अक्षरांचा शेअर कोड देऊन उतरवतो, तीही यूआयडीएआयच्या सहीचा एक्सएमएल. ती एडिटरमध्ये उघडून इंडेंट करून सेव्ह केली आणि पुढे दिली की पडताळणीत पडते, आणि सामान्य माणसाला वाटतं आधारमध्येच चूक आहे.

@मुळामुठा, तुमचं मूळ काम झालं, पण एक विचारू? विमा कंपनीकडून निर्णयाचं उत्तर येतं त्यावरही सही असेल. ती तुम्ही कशी तपासता?

मुळामुठा | बुधवार, रात्री ९:०५

उत्तराच्या बाजूला जुना, हाताने लिहिलेला कोड आहे, माझ्या आधीच्यांचा. थोडक्यात असा:

सिग्नेचर शोध
कीइन्फोतल्या टोकनमधून सर्टिफिकेट घे
त्या सर्टिफिकेटच्या किल्लीने सही तपास
पास झाली तर एन्व्हलपखालची बॉडी घे, त्यातून दावा क्रमांक आणि मंजूर रक्कम वाच

बोस्टनकर | बुधवार, रात्री ९:५०

यात दोन मोठी भोकं आहेत. आज रात्री झोपण्याआधी साहेबांना कळवा, एवढी महत्त्वाची आहेत.

पहिलं: सर्टिफिकेट मेसेजमधून घेता आणि त्यानेच मेसेज तपासता. मी घरी बसून स्वतःचं सर्टिफिकेट बनवलं, त्याने सही केली आणि तेच टोकन म्हणून जोडलं तर तुमचा कोड पास म्हणेल. सर्टिफिकेट तुमच्या ट्रस्टस्टोअरपर्यंत (तुम्ही विश्वास ठेवता त्या सर्टिफिकेटांच्या साठ्यापर्यंत) जोडलेलं हवं, मुदतीत हवं, रद्द झालेलं नको, आणि शिवाय ते विमा कंपनीचंच हवं. विश्वासू संस्थेने दिलेलं एवढं पुरत नाही, त्या संस्थेने हजारो लोकांना दिलेली असतात.

दुसरं जास्त फसवं आहे. समजा तुमची एक जुनी खरी उत्तरफाइल माझ्या हाती लागली. त्यात बॉडीचा आयडी ‘बी१’ आणि सही ‘बी१’वर. मी ती खरी बॉडी उचलून हेडरमध्ये एका फालतू टॅगच्या पोटात ठेवतो, आयडीसकट. एन्व्हलपखाली माझी नवी बॉडी घालतो, आयडी ‘बी२’, रक्कम मला हवी ती. तुमचा कोड सही तपासताना ‘बी१’ शोधतो, हेडरमध्ये सापडते, डायजेस्ट जुळतो, सही पास. मग एन्व्हलपखालची बॉडी वाचतो. ती माझी आहे.

याला सिग्नेचर रॅपिंग म्हणतात. मॅकिंटॉश आणि ऑस्टेल यांनी २००५ मध्ये ते मांडलं. २०११ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या मंडळींनी ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेच्या सोप इंटरफेसवर ते चालवून दाखवलं, सही केलेला एक मेसेज हाती आला की पुरे होता. ॲमेझॉनने ते दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी सॅमलच्या १४ प्रणाली तपासल्या गेल्या, त्यांतल्या ११ मध्ये या जातीचं भोक सापडलं. त्या प्रणाली लिहिणारी माणसं निष्णात होती. सही तपासणारा कोड एकीकडे आणि मजकूर वाचणारा दुसरीकडे असतो, आणि दोघं ‘बॉडी’ म्हणजे वेगवेगळं समजतात.

उपाय: पडताळणी करणाऱ्या कोडनेच सांगायचं की मी हा एलिमेंट तपासला, आणि तुम्ही तोच हातात घेऊन वाचायचा, पुन्हा शोधायचा नाही. डब्ल्यूएसएसफोरजेच्या निकालात तपासलेल्या प्रत्येक भागाचा डेटारेफ मिळतो, त्यात तो एलिमेंट असतो. तो एन्व्हलपचं थेट अपत्य आहे ना, बॉडी एकच आहे ना, हे बघा. सीएक्सएफमध्ये क्रिप्टोकव्हरेजचेकर नावाचा इंटरसेप्टर (मेसेज वाटेत तपासणारा कोड) आहे, कुठल्या भागांवर सही असायलाच हवी ते त्याला सांगता येतं. टाइमस्टॅम्पही यादीत घाला, नाहीतर जुनंच उत्तर पुन्हा पाठवलेलं कळणार नाही. जावा १७ पासून एक्सएमएल सहीची सुरक्षित पडताळणी मुळातच सुरू असते, एकाच आयडीचे दोन एलिमेंट ती चालवून घेत नाही. पण वरच्या हल्ल्यात आयडी वेगवेगळे आहेत, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

मुळामुठा | बुधवार, रात्री ११:३०

वाचून हात थंड पडले. तुम्ही सांगितलेली फाइल हाताने बनवली, आमच्या टेस्ट सर्व्हरवर पाठवली. मंजूर रक्कम ९९,९९,९९९. पास झाली.

साहेबांना रात्रीच फोन केला. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी, आणि म्हणाले, उद्यापासून दुसरं काही करू नकोस.

नवी_पालवी | गुरुवार, सकाळी ८:४५

मुळामुठाताई, टेस्ट काय काय लिहिणार ते इथे टाकाल का? मला शिकायचं आहे.

मुळामुठा | मंगळवार, रात्री १०:१५

उशीर झाला, क्षमस्व. आधी निकाल सांगते. सही आता गेटवेवरच, फिल्टरच्या नंतर होते. त्यासाठी किल्ली गेटवेच्या सुरक्षित साठ्यात हलवावी लागली, त्याच्या परवानग्यांतच दोन दिवस गेले. फिल्टरच्या यादीत आता २००बी आणि एफईएफएफ एवढेच. ४१ आणि मधल्या दिवसांत साठलेले, सगळे मेसेज शनिवारी पुन्हा पाठवले, सगळे पास. उत्तराच्या बाजूचा हातचा कोड काढून टाकला, तिथे डब्ल्यूएसएसफोरजेच आणलं, कव्हरेजचेकर लावला. रॅपिंगची ती फाइल आता नापास होते.

@नवी_पालवी, टेस्ट अशा: खरा मेसेज पास व्हावा. बॉडीत एक स्पेस वाढवली की नापास. टोकन आहे पण सही नाही, नापास. सही आहे पण सर्टिफिकेट अनोळखी, नापास. दुसऱ्याच कुणाचं पण विश्वासू संस्थेने दिलेलं सर्टिफिकेट, नापास. टाइमस्टॅम्प दहा मिनिटं जुना, नापास. टाइमस्टॅम्पवर सहीच नाही, नापास. रॅपिंगच्या तीन तऱ्हा, बॉडी हेडरमध्ये लपवून, सिग्नेचरच्या आत लपवून आणि दोन बॉडी शेजारी ठेवून, तिन्ही नापास.

आणि एक फाइल फक्त शब्दांची. प्रत्येक शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला, सगळ्या वाटेवरून जाऊन पलीकडे बाइटन् बाइट तसाच पोचायला हवा. आत्तापर्यंत: कऱ्हाड, वऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, पायऱ्या, शेतकऱ्यांचा, बिऱ्हाड. आणखी सुचवा.

टंकलेखा | मंगळवार, रात्री १०:५२

दऱ्या घाला, आणि जोडीला दर्या. जॉइनर गेला की डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे वाचणाऱ्याला संशयही येत नाही. तसंच आचाऱ्यांना आणि आचार्यांना.

जॉइनर नसलेली शुद्ध जोडीही ठेवा, सूर्या, कार्यालय, धैर्य, म्हणजे उद्या कुणी हुशारीने सगळ्या रफारांचे ऱ करणारा फिल्टर लिहिला तर तोही पकडला जाईल.

मुळामुठा | मंगळवार, रात्री ११:०४

घातले. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या.